मत नसलेल्यांची मतं

गेल्या वेळी लीलो चिवड्याबद्दल लिहिलं तेव्हा पाचसहा जणींचे फोन आले. या वेळी फोन येतील ते वेगळ्या कारणाने येतील, कारण आज मी घरातलं भांडण सांगणार आहे. ह्यांची परवानगी घेतली आहे. मुलाची घेतलेली नाही. तो न्यूजर्सीत एडिसनला असतो आणि आपल्या मंडळाचा अंक उघडून तरी बघतो की नाही, हे या निमित्ताने कळेल.

भांडण अमेरिकेच्या राजकारणावरून झालं. हसू नका. आमच्या बाजव्यात, जिथे गच्चीवर गेलं की एका बाजूला खताचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला कोयलीच्या रिफायनरीची ज्योत दिसते, तिथे एका घरात डोनाल्ड ट्रंपवरून बापलेकांचा तीन महिने अबोला होता. आणि दोघांपैकी एकालाही तिथे मत नाही!

सुरुवात २०२० च्या फेब्रुवारीत झाली. २४ तारखेला मोटेराला ‘नमस्ते ट्रंप’ होतं. हे आणि ह्यांचे कारखान्यातले चार मित्र पहाटे बसने निघाले, दिवसभर उन्हात बसले आणि रात्री एक पांढरी टोपी घेऊन परतले. “काय माणूस आहे! तोंडावर बोलतो,” एवढंच म्हणत होते. टोपी दिवाणखान्यातल्या खुंटीला लागली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या लग्नानंतर ह्यांनी गावस्करचा फोटो असाच लावला होता.

मुलगा तेव्हा तिकडे स्थिरावत होता. एच-वन-बी व्हिसा, ग्रीन कार्डाच्या रांगेत २०१६ पासून उभा, नातू तिकडेच जन्मलेला. त्याला ट्रंप नको होते आणि ह्यांना हवे होते. तरी २०२० ची निवडणूक फोनवरच्या थट्टामस्करीत निभावली. २०२४ ला मात्र सगळं बिनसलं, आणि ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बिनसलं.

हा ग्रुप म्हणजे बाजवा, पुणे, डोंबिवली, नाशिक, एडिसन आणि टोरांटो असा एकतीस जणांचा गोतावळा आहे. ६ नोव्हेंबरला आपल्याकडे दुपारी निकाल कळला आणि ह्यांनी पेढे आणले. शेजारी वाटले, आणि पेढ्यांच्या खोक्याचा फोटो ग्रुपवर टाकला. मुलाने लिहिलं, “बाबा, इथे राहून मला मत नाही. तुम्हाला तर नाहीच नाही.” एवढंच. पण मग डोंबिवलीच्या दिरांनी त्याला ‘वोक’ म्हटलं. टोरांटोच्या पुतणीने दिरांना आणखी काहीतरी म्हटलं, त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. रात्री अकरापर्यंत दीडशेच्या वर निरोप झाले. मधूनमधून नाशिकच्या आत्याबाई गुलाबाची फुलं आणि ‘शुभ रात्री’ पाठवत होत्या, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सकाळी उठून पाहिलं तर मुलगा ग्रुप सोडून गेलेला.

त्यानंतर तो फक्त माझ्याशी बोलायचा, तेही रविवारी सकाळी, हे भाजी आणायला गेले की.

मी तेव्हापासून या गोष्टीचा विचार करते आहे. आपल्याकडेही निवडणुका होतात. पण आपल्या वॉर्डातल्या उमेदवाराबद्दल बोलताना माणूस आवाज खाली आणतो. त्याचा मेहुणा आपल्या सोसायटीत राहत असतो, त्याने कधीतरी आपल्या गल्लीतली गटार साफ करून दिलेली असते, उद्या दाखल्यासाठी त्याच्याकडेच जायचं असतं. जीभ सैल सोडायची सोय नाही. अमेरिकेच्या बाबतीत मात्र अशी काही भीड नाही. तिथे दोनच पक्ष, कबड्डीच्या सामन्यासारखे, मध्ये रेघ. एक बाजू धरायची आणि दुसऱ्याला बाद करायचं, काही खर्च नाही. म्हणून मग एकमेकांना जे खरं सुनवायचं असतं ते आपण त्या दूरच्या माणसांच्या नावाने सुनवतो. ह्यांना मुलाला म्हणायचं होतं, “तिकडे गेलास आणि आता आमचीच अक्कल काढतोस.” मुलाला ह्यांना म्हणायचं होतं, “मी इथे कसा दिवस काढतो ते तुम्ही कधी विचारता का?” दोघेही ते बोलले नाहीत. त्याऐवजी कमला हॅरिस आणि ट्रंप बोलले.

भावनगरकडचा धाकट्या जावेचा भाऊ वारला तेव्हा, फेब्रुवारीत, अबोला सुटला. सुतकात कोण किती दिवस रुसणार? पण विषय टाळायचा असं न बोलता ठरलं, आणि टाळता टाळता तो बाजारहाटात शिरला.

सूनबाई (माहेर साताऱ्याचं, हे सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही) नेहमी टार्गेट नावाच्या दुकानात जायची. २०२५ च्या जानेवारीत त्या दुकानाने सर्व वर्णांच्या लोकांना सामावून घेण्याचे आपले कार्यक्रम गुंडाळायला घेतले आणि त्याविरुद्ध तिथे बहिष्काराची हाक दिली गेली. तिने तिथे जाणं सोडलं, कॉस्टकोत जाऊ लागली, कारण कॉस्टकोने तसं केलं नाही. मुलाला टेस्ला घ्यायची होती, ती त्याने मस्कसाहेब सरकारात शिरल्यावर रद्द केली. त्याच्या मित्राकडे आधीच होती, त्याने गाडीच्या मागे चिठ्ठी चिकटवली. मालकाचं डोकं फिरलंय हे कळण्याआधी गाडी घेतली होती, अशा अर्थाची. तिकडे तशा तयार चिठ्ठ्या विकत मिळतात म्हणे! टोरांटोची पुतणी आणखी पुढे. ट्रंप कॅनडाला एकावन्नावं राज्य म्हणू लागले आणि आयातकर लावले, तेव्हा मार्चमध्ये ऑंटारिओच्या सरकारी दुकानांनी अमेरिकन दारू फळीवरून उतरवली. पुतणी दारू पीत नाही, पण टोमॅटोवरची चिठ्ठी वाचून कॅनडाचे नसतील तर परत ठेवते. पुण्याच्या माझ्या बहिणीने मे महिन्यात तुर्कस्तानची सफरचंदं बंद केली, मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनीच ती मागवणं थांबवलं होतं.

हे ऐकून हे म्हणायचे, “आता साबण घेतानाही पक्ष बघायचा का? मूर्खपणा आहे.” जूनमध्ये ट्रंप आणि मस्क यांचंच आपसात फाटलं तेव्हा ह्यांची जरा पंचाईत झाली, कारण ह्यांचे दोघेही लाडके. दोन दिवस बातम्या लावल्या नाहीत.

मग ऑगस्ट आला. आधी आपल्या मालावर पंचवीस टक्के आयातकर, आणि २७ तारखेपासून रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी पंचवीस. म्हणजे पन्नास. समोरच्या बेन सकाळी दारात उभ्या. त्यांचा भाचा सुरतेला हिरे घासतो आणि सुरतेच्या हिऱ्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका. भाच्याला आठवड्यातले तीनच दिवस काम उरलं होतं. बेन ह्यांना म्हणाल्या, “भाई, तमारा ट्रंपभाईए आ शुं कर्युं?” पेढे त्यांनीही खाल्ले होते. हे काही बोलले नाहीत. आत आले, खुंटीवरची टोपी काढली, आणि संध्याकाळी फ्रिजवर एक यादी लागली.

अमेरिकन वस्तू बंद! कोलगेट, कोक, पेप्सी, लेज, बोर्नव्हिटा, ॲमेझॉन. त्याखाली किसान जॅम आणि लक्स. मी म्हटलं, लक्स आणि किसानची मूळ कंपनी लंडनची, त्यांनी काय घोडं मारलं? ती दोन नावं खोडली. कोलगेटच्या जागी दंतमंजन आलं. मी विचारलं, कोलगेटचा कारखाना साणंदला आहे, तिथे काम करणारी पोरं कुठली? त्यावर हे म्हणाले, “नफा कुठे जातो?” हा मुद्दा बरोबर होता, मी गप्प बसले. पण कोकच्या जागी थम्स अप आलं तेव्हा गप्प बसवेना. १९७७ साली जॉर्ज फर्नांडिसांनी कोका-कोलाला घालवलं, तेव्हा थम्स अप आलं, ते आपलं, हे ह्यांच्या मनात पक्कं. १९९३ साली ते कोका-कोलानेच विकत घेतलं, हे मी सांगितलं तर विश्वास बसेना. बाटलीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. नंतर बराच वेळ लिंबू सरबत पीत बसले होते.

रविवारी मुलाला यादी दाखवली. तो म्हणाला, “बाबा, माझा पगार अमेरिकन. तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पाठवले ते डॉलर होते. आणि घरात खराखुरा अमेरिकन एकच आहे, तुमचा नातू. त्याचं काय करायचं?” नातू मागे उभा राहून दात दाखवत होता. यादी फ्रिजवर राहिली, पण तिच्यावर मी दुधाचा हिशेब लिहू लागले.

ह्यांचं म्हणणं असं की बहिष्कार ही आपली जुनी परंपरा आहे. ते खरंच आहे. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तीत तरुण सावरकर पुढे होते. १९३० च्या डिसेंबरात मुंबईत बाबू गेनू परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि गेला. पण मला त्यातला तळेगावचा पैसा फंड जास्त आठवतो. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना काढली, टिळकांनी ती उचलून धरली आणि त्यातून १९०८ साली काचकारखाना उभा राहिला. आपल्या बडोद्यात अलेम्बिक १९०७ ची, बँक ऑफ बडोदा १९०८ ची, सगळं त्याच हवेतलं. काय घ्यायचं नाही हे ठरवणाऱ्यांनी काय करायचं हेही ठरवलं होतं. आणि ते भांडण आपलं होतं. आमच्या फ्रिजवरची यादी नोव्हेंबरात पेढे वाटणाऱ्यानेच ऑगस्टमध्ये लिहिली होती. मधल्या काळात ह्यांचं मत बदललं नव्हतं. तिकडचा माणूस वळला, म्हणून हे वळले.

आमच्या सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी हा सगळा गोंधळ खाटेवरून ऐकला आणि एक दिवस म्हणाल्या, “आमच्या वेळी दोन्ही घरात होते.” मामंजी कोयलीच्या रिफायनरीच्या बांधकामावर होते. ती सोव्हिएत मदतीने उभी राहिली, १९६६ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. रशियन इंजिनियर, त्यांची बायकामुलं, सगळे इथे होते. मामंजी त्यांच्याकडून ‘स्पासीबा’ शिकले आणि मरेपर्यंत ताकाचा पेला हातात दिला की ‘स्पासीबा’ म्हणायचे. त्याच वर्षांत रेशनवर यायचा तो पीएल-४८० चा अमेरिकन गहू. दिवसा रशियाची रिफायनरी बांधायची आणि रात्री अमेरिकेच्या गव्हाची पोळी खायची. त्या वेळी त्या दोन देशांचं वैर म्हणजे अणुबाँबचं वैर. १९७१ च्या डिसेंबरात अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात आलं तेव्हा मामंजींनी निक्सनला चार शिव्या दिल्या, म्हणाल्या, पण गहू टाकून दिला नाही. “पोळ्या वातड व्हायच्या हो त्याच्या,” एवढीच सासूबाईंची तक्रार.

आता गंमत बघा. रशियाने बांधलेली ती रिफायनरी आमच्या गच्चीवरून दिसते आणि २०२५ मध्ये रशियाच्याच तेलावरून आपल्याला दंड झाला.

पण हे सगळं हसण्यावारी नेता येईल असं २० सप्टेंबरपर्यंत होतं.

मुलगा १८ तारखेला एकटाच आला होता, तीन आठवड्यांसाठी. सर्वपित्रीला मामंजींचं पान वाढायचं, मग नवरात्र, गरबा, दसरा. शनिवारी सकाळी मी दुसऱ्या दिवशीच्या भरड्याच्या वड्यांचं पीठ दळून आणलं आणि पाहिलं तर तो जिन्यात फोन घेऊन उभा, चेहरा पांढरा. रात्रीतून ट्रंपसाहेबांनी हुकूम काढला होता, एच-वन-बीला एक लाख डॉलर. म्हणजे अठ्ठ्याऐंशी लाख रुपये! नवीन अर्जांना की सगळ्यांना, ते कुणालाच कळत नव्हतं. त्याच्या कंपनीच्या वकिलाची मेल होती. जे बाहेर आहेत त्यांनी मुदतीच्या आत परत या, जे आत आहेत त्यांनी बाहेर जाऊ नका. मुदत म्हणजे आपल्या घड्याळात रविवारी सकाळी साडेनऊ.

तिकडे सूनबाई रडते आहे, नातू झोपला आहे. इकडे विमानाच्या तिकिटाचा आकडा दर मिनिटाला वर चढतो आहे. दोन दिवसांपूर्वी उघडलेली बॅग त्याने परत भरली. मी डब्यात काय घातलं ते मला आठवत नाही. साडेदहाला टॅक्सी निघाली. पुढे हे, मागे तो आणि मी. सासूबाईंना एवढंच सांगितलं, की ऑफिसचं काम आलं.

एक्स्प्रेसवेवर तो फोनवर हिशेब मांडत होता. अहमदाबादहून आखातातून, अहमदाबादहून दिल्ली, मुंबईहून थेट. नडियादच्या फाट्याच्या आसपास त्याने फोन खाली ठेवला. “काही केलं तरी रविवारी सकाळी तिथे पोचतो. तिथल्या सकाळी. आठ-नऊ तास उशीर होतो.” नेवार्कला उतरून आत घेतलंच नाही तर? इथून नोकरी जाईल, तिथे बायको आणि पोर एकटं, घराचे हप्ते. हे सगळं तो बोलला नाही, मला दिसत होतं.

गाडी बाजूला घ्यायला सांगितली. कुणी बोलेना. मग हे, मागे न वळता, समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, “मी पेढे वाटले होते रे.”

मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही पेढे वाटले म्हणून तो निवडून आला नाही.”

थोड्या वेळाने तोच म्हणाला, “डब्यात काय आहे?” डब्यात फक्त पोळ्या निघाल्या, भाजी घालायची राहिली होती. तिघांनी गुळाबरोबर कोरड्या पोळ्या खाल्ल्या, ड्रायव्हरलाही दिल्या, आणि परत फिरलो.

त्या रात्री बापलेक बाहेरच्या खोलीत बसले होते. मी आतून ऐकत होते. ट्रंपचं नाव एकदाही निघालं नाही. ग्रीन कार्डाची रांग म्हणजे काय, ती पुढे का सरकत नाही, नोकरी गेली तर किती दिवसांत देश सोडावा लागतो (साठ), नातवाला शाळेत काय म्हणतात. हे एकेक प्रश्न विचारत होते आणि तो सांगत होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलं. रात्री दीड-दोनच्या सुमाराला तिकडून खुलासा आला. रक्कम नव्या अर्जांना, आधीच्या व्हिसावाल्यांना नाही. मुलाने मला उठवून सांगितलं. हे खुर्चीतच झोपले होते, त्यांना उठवलं नाही.

सकाळी गच्चीवर पान ठेवलं तर कावळा लगेच आला. सासूबाई म्हणाल्या, “ह्यांना आवडले वडे.” काय झालं होतं ते त्यांना अजूनही ठाऊक नाही. निदान हा अंक कुणी वाचून दाखवेपर्यंत तरी.

दसऱ्याला गाडी घेतली. जीएसटी कमी झाला होता आणि बरेच दिवस मनात होतं. हालोलला तयार होणारी एमजी बघितली, नाव ब्रिटिश, कंपनी चिनी, त्यात आता आपल्या जिंदालांचा वाटा. हे म्हणाले, चीनची नको. शेवटी टाटांची घेतली. सासूबाईंना तिच्यात वाकावं न लागता बसता आलं, हे माझ्या दृष्टीने मुख्य. ह्यांना मात्र स्वदेशीचं समाधान. हार घालून नारळ फोडला आणि मुलगा म्हणाला, “बाबा, साणंदची ना? ती शेड २०२३ पर्यंत फोर्डची होती. आणि हालोलची जनरल मोटर्सची.” हे त्याच्याकडे बघत राहिले आणि मग इतके हसले की गुरुजींनी मंत्र थांबवला.

आता तो परत गेला आहे, बरोबर लीलो चिवडा नेला आहे. ग्रुपवर परत आला आहे, पण फोटोच टाकतो. टोपी मी गच्चीवर धान्य वाळवताना घालते, ऊन चांगलं अडतं. दंतमंजन संपलं आणि परत कोलगेट आली, त्यावर कुणी बोललं नाही. थम्स अप मात्र ह्यांनी खरंच सोडलं आहे, आणि ह्यांची शुगर बघता मी त्याबद्दल अमेरिकेची आभारी आहे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्हिडिओ कॉल लावला. पणत्या दाखवून झाल्या, फराळाचं ताट दाखवून झालं. एवढ्यात हे पुढे सरकले आणि म्हणाले, “काय रे, ४ तारखेला न्यूयॉर्कला कोण येतंय? तो मीरा नायरचा मुलगा म्हणे? इकडे ग्रुपवर फार चाललंय त्याच्यावरून. माझं असं मत आहे…”

मी फोन काढून घेतला आणि नातवाला विचारलं, पुढचा दात पडला का?